तीन चाके आणि बर्फाची वाट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू आले असेल. पलूसचा एक निवृत्त मास्तर, ज्याने जन्मात कधी हिमवृष्टी पाहिली नाही, तो बर्फावरून चालणाऱ्या तीनचाकी गाडीविषयी बोलणार! आमच्याकडे वळवाच्या पावसात गारा पडल्या, तर पोरे त्या घमेल्यात गोळा करतात आणि वितळण्यापूर्वी तोंडात टाकतात. आमची बर्फाशी ओळख एवढीच. तथापि हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका जुन्या ऋणाच्या रूपाने तो माझ्या दारी चालत आला, आणि ते ऋण फेडावे म्हणूनच ही पंधरा मिनिटे मी मागून घेतली आहेत.

प्रथम ते ऋण सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गात भूमिती शिकवीत होतो. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते, हे मुलांना पटावे म्हणून मी घरून एक तिवई आणि एक चौरंग वर्गात नेला. फरशी उंचसखल होती. चौरंग कोठेही ठेवला तरी त्याचा एक पाय अधांतरी राही आणि तो डुगडुगे. तिवई मात्र जेथे ठेवावी तेथे तिन्ही पाय टेकून उभी. "पाहा," मी मुलांना म्हणालो, "तीन पायांचे आसन कधी डगमगत नाही." मुलांनी वाक्य वहीत लिहून घेतले. एका मुलाने ते मनातही लिहून घेतले.

तो मुलगा पुढे शेतीकडे वळला. आमच्याकडील काळी चिकण जमीन आपण पाहिली असेल. मृगाचे दोन पाऊस झाले की पाणंदीत मोटारसायकलचे चाक आसापर्यंत रुतते आणि बैलगाडीची लोखंडी धाव गाऱ्यात सुरी फिरावी तशी खाली जाते. अशा पाणंदीतून रोज दोन वेळा दूध गावात आणावयाचे, म्हणून त्याने मोडक्या मोटारसायकलीचे इंजिन घेऊन, मागे दोन रुंद चाके लावून, एक तीनचाकी गाडी घरीच तयार केली. दोन पावसाळे ती उत्तम चालली. तिसऱ्या पावसाळ्यात, भरलेल्या दोन किटल्या वर बांधलेल्या असताना, बांधावरून खाली उतरता उतरता त्याने एकदम वळण घेतले. गाडी त्याच्या अंगावर पालथी झाली. खांद्याचे हाड मोडले; जिवावरचे निभावले इतकेच. मी दवाखान्यात भेटावयास गेलो, तेव्हा तो हसत म्हणाला, "गुरुजी, तीन पायांचं आसन डगमगत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

त्याने ते थट्टेने म्हटले, परंतु माझ्या मनाला ते लागले. मी शिकविलेले खोटे नव्हते, अर्धे होते.

आता त्याचा मुलगा कॅनडात वेल्डिंगचे काम करतो. तेथे वर्षाचे चार-पाच महिने बर्फ असते. गेल्या दिवाळीत त्याचा मला फोन आला. त्याला सुट्टीच्या दिवसांत बर्फावर चालणारी एक हलकी तीनचाकी गाडी स्वतःच्या हाताने घडवावयाची होती. तो म्हणाला, "आबा म्हणतात, गुरुजींना विचारल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही." त्या मुलाला मी जे सांगितले, तेच आज आपणांस सांगतो.

आमच्या मुलखात अशी हौस नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना घातला, तेव्हापासून या भागातील कित्येक घरांत लोखंडाला आकार देणारे हात तयार झाले. शेजारच्या देवराष्ट्रे गावातील एका कारागिराने भंगारातील सामान जोडून, पायाने किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी तयार केली. २०२१ च्या अखेरीस तिची कीर्ती देशभर झाली, आणि पुढे आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात त्याला नवी मोटार दिली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. तेव्हा गाडी घडविणे आपल्या माणसांना अवघड नाही. प्रश्न असा की, बर्फाला कशी गाडी चालते?

बर्फ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे लादी येते. ती कठीण असते. आकाशातून पडणारे हिम याहून फार वेगळे. नुकत्याच पडलेल्या हिमाचा एक घनमीटर ढीग बहुधा ५० ते १०० किलो भरतो. तितकेच पाणी १,००० किलो भरते. म्हणजे त्या ढिगात नऊ हिस्से किंवा त्याहूनही अधिक हवाच असते. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर पाय द्यावा तसा तो प्रकार. चाक त्यात रुतले की पुढे हिमाची भिंत उभी राहते, आणि सपाट जागीही चाकाला जणू अखंड चढ चढावा लागतो. येथे इंजिनाची ताकद वाढवून भागत नाही. ताकद वाढविली की चाक जागच्या जागी गरगरते आणि स्वतःचाच खड्डा खणते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्या नदीकाठच्या गावांत जो गाळ साचला, त्यात ज्यांनी वाहने घातली त्यांना हा अनुभव पाठ आहे.

मग उपाय काय? उपाय म्हणजे भार पसरणे. एक सोपा हिशेब करू. ७० किलो वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या तळव्याचे क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक तृतीयांश किलो भार येतो. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण जमीन एवढ्या जोराने दाबतो. आता टायरचा एक गुण लक्षात घ्या. टायर मऊ असेल, तर तो जमिनीला जेवढा चिकटतो तेथील दाब त्यातील हवेच्या दाबाएवढाच असतो, थोडा कमीअधिक. मोटारसायकलच्या चाकात आपण अठ्ठावीस पाउंड हवा भरतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो होतो. म्हणजे मोटारसायकलचे चाक माणसाच्या पावलापेक्षा जवळजवळ सहापट जोराने जमीन दाबते. ते चिखलात रुतले नाही तरच नवल!

याउलट फुग्यासारखा रुंद आणि पातळ टायर घेऊन त्यात फक्त सव्वादोन पाउंड हवा ठेवली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१५ किलो होतो. चालणाऱ्या माणसाच्या पावलाच्या निम्म्याहून कमी. गाडी ११० किलोची आणि स्वार ७० किलोचा, मिळून १८० किलो. हा भार पेलण्यास १,२०० चौरस सेंटिमीटर जागा पाहिजे. तीन चाकांत वाटली तर प्रत्येकी ४००, म्हणजे वीत-वीत लांबीरुंदीचा एक चौकोन. जेथे माणूस गुडघाभर रुततो, तेथे ही गाडी त्याच्याहून वरच्यावर राहते. वाळवंटात घोडा अडतो आणि उंट चालतो, त्याचे एक कारण उंटाचा पसरट, मऊ तळवाच होय.

ही युक्ती व्यापारात प्रथम कोणी आणली, त्याची हकिकत मनोरंजक आहे. अमेरिकेत हिवाळा लागला की मोटारसायकलींचा खप मंदावे. म्हणून १९६७ साली तेथील विक्रेत्यांसाठी बर्फाच्या दिवसांत खपेल असे एखादे वाहन द्यावे, अशी मागणी जपानच्या होंडा कंपनीकडे गेली. ओसामु ताकेउची या यंत्रविशारदाने निरनिराळ्या संख्येची चाके लावून अनेक नमुने करून पाहिले. बर्फ, चिखल आणि निसरडी वाट या सर्वांत तीन चाकांचा नमुना त्याला सरस वाटला. १९७० सालच्या त्या गाडीला ८९ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन आणि बावीस इंचांचे तीन फुगीर टायर होते. धक्के शोषण्यासाठी स्प्रिंगा नव्हत्याच. ते काम टायरच करीत.

उत्तर रशियात तर हे काम कारखान्याविना, घरोघरी चालते. तेथील लोक जुन्या मोटारसायकलचा सांगाडा घेतात, ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या मोठाल्या ट्यूबांना पट्ट्यांनी आवळतात आणि त्यांचीच चाके करतात. या घरगुती गाडीला ते 'काराकात' म्हणतात. गोठलेल्या तळ्यावर मासे धरण्यास जाणारा मनुष्य अशा गाडीवर जातो. आणि बर्फ फुटलेच, तर त्या हवाभरल्या ट्यूबा पाण्यावर तरंगतात.

तीनच चाके का, याची कारणे मुख्यतः दोन. एक म्हणजे हलकेपणा. चौथे चाक काढले की त्याचा टायर, त्याचा खांदा, त्याचे सुकाणूचे दांडे, सर्व वजन वाचते. आणि एकाच पुढील चाकाला सायकलसारखा हँडल पुरतो. दुसरे कारण माझी ती तिवई. उंचसखल जागी चारचाकीचे एक चाक अधांतरी राहू शकते. तीनचाकीची तिन्ही चाके स्प्रिंगांविनाही जमिनीला टेकतात.

हलकेपणाचे मोल काय, हे आमच्या जवळच, सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषि संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी दाखविले आहे. त्यांनी सायकलरिक्षाचा अभ्यास केला, तेव्हा जुन्या रिक्षात चढासाठी गिअर नाही आणि ब्रेक केवळ पुढच्या चाकाला, हे दोष त्यांनी पुढे मांडले. मग सुधारलेली पायरिक्षा आणि विजेवर चालणारी रिक्षा त्यांनी घडविली. इंजिन मोठे करण्याआधी सांगाडा, गिअर आणि ब्रेक यांचा विचार करावा, हा धडा बर्फातील गाडीलाही तंतोतंत लागू पडतो.

आता गाडीच्या मागच्या आसाविषयी. आपली ऑटोरिक्षा चिखलात अडकते तेव्हा काय दिसते? एक चाक भिंगरीसारखे फिरत असते आणि दुसरे स्वस्थ उभे असते. हा डिफरन्शियलचा गुण. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. पण निसरड्या जागी सारी गती तो सुटलेल्या चाकालाच देऊन बसतो. म्हणून बर्फातील हलक्या गाडीत डिफरन्शियल घालीत नाहीत. मागची दोन्ही चाके एका अखंड आसावर घट्ट बसवितात आणि चेनने तो आस फिरवितात. एक चाक घसरले तरी दुसरे ओढीत राहते. यात सोय आहे तशी खोचही आहे. दोन्ही चाके सारखीच फिरत असल्यामुळे गाडी वळावयास नाखूष असते; हँडल वळविले तरी ती नाकासमोर सरकत जाते. स्वाराने अंग आतल्या बाजूला कलवून, पण वजन बाहेरच्या पायावर देऊन, आतले चाक हलके करावे लागते. ही विद्या अंगवळणी पडल्याशिवाय वेगात जाऊ नये.

थंडीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपण उबदार खोलीत, समजा २७ अंशांवर, टायरमध्ये सव्वादोन पाउंड हवा भरली आणि गाडी शून्याखाली १३ अंशांत बाहेर काढली, तर काय होईल? टायर बसून जाईल! कोठे छिद्र नाही, काही नाही. कारण आपण मोजतो तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून वरचा असतो. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १.०३ किलो आणि वरचा ०.१५, मिळून १.१८. एवढी थंडी पडली की आतील हवेचा दाब सुमारे आठव्या हिश्शाने घटतो आणि १.०२ वर येतो. म्हणजे बाहेरच्या दाबाएवढाच. मोटारसायकलच्या अठ्ठावीस पाउंडांत ही घट सुमारे पावणेसहा पाउंडांची, सहज खपून जाते. सव्वादोन पाउंडांत ती सर्वस्व नेते. म्हणून असे टायर बाहेर थंडीतच भरावे लागतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सांगाड्याला जाड गॅसपाइप घेतला तर वेल्डिंग सोपे जाते, पण वजन वाढते. पातळ आणि मजबूत पोलादी नळी घ्यावी आणि तिचे त्रिकोण बांधावेत. चेनला झाकण पाहिजे, नाही तर उडालेले हिम तिच्यात जमून गोठते. ब्रेक मागच्या आसाला अवश्य पाहिजे. आणि आपल्या देशात अशी घरगुती गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. परदेशी त्या त्या देशाचा कायदा आधी पाहावा.

आता मी माझ्या ऋणाकडे येतो. तिवई डुगडुगत नाही हे खरे. परंतु तिवईवर बसून एका बाजूला झुकून पाहा; ती चौरंगापेक्षा फार लवकर उलटते. डुगडुगणे वेगळे आणि उलटणे वेगळे. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांच्या घेऱ्यात पडतो तोवर ती उभी राहते. घेऱ्याबाहेर गेला की पडते. चौरंगाचा घेरा चौकोन आहे, तिवईचा त्रिकोण. आणि त्रिकोण एका टोकाला निमुळता होत जातो. ही दुसरी अर्धी गोष्ट मी त्या दिवशी वर्गात सांगितली नाही.

आकडे घालून पाहू. मागील चाकांत ८० सेंटिमीटर अंतर आहे, पुढील चाकापासून मागचा आस १२० सेंटिमीटरवर आहे, आणि स्वारासह गाडीचा गुरुत्वमध्य पुढील चाकामागे ८० सेंटिमीटरवर व जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. चार चाके असती तर मध्यापासून कडेपर्यंत ४० सेंटिमीटर जागा मिळाली असती. त्रिकोणात त्या ठिकाणी मिळते जेमतेम २७. चारचाकी आडव्या उतारावर सुमारे ३४ अंशांपर्यंत तग धरील. तीनचाकी २४ अंशांतच उलटेल. त्यातच ब्रेक दाबला की ओळंबा पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. उतार, वळण आणि ब्रेक ही तिन्ही एकत्र आली, आणि वर दुधाच्या किटल्यांनी गुरुत्वमध्य उंच नेला, की काय होते ते माझ्या विद्यार्थ्याने सोसले आहे.

तो एकटाच नव्हे. अमेरिकेत या गाड्या लक्षावधी घरांत गेल्या, मुलांच्या हाती गेल्या, आणि अपघातांची रांग लागली. जखमी झालेल्यांत व प्राण गमावलेल्यांत सोळा वर्षांखालील मुले फार होती. अखेर १९८७ च्या शेवटी सरकार आणि उत्पादक यांच्यात समझोता झाला, १९८८ पासून नव्या तीनचाकींची विक्री थांबली, आणि २००८ च्या कायद्याने तिला तेथे पक्की बंदी आली. कारखानदारांनी चौथे चाक परत लावले. ज्या हलकेपणासाठी ते काढले होते, त्याची किंमत कोणी चुकविली हे पुढे दिसून आले.

मग त्या मुलाला मी 'करू नकोस' म्हणालो काय? नाही. हाताला काम करण्याची इच्छा झाली असता नकार देणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. मी त्याला एवढेच सांगितले की, रंग लावण्याआधी एक परीक्षा घे. गाडी एका रुंद फळीवर आडवी उभी कर. तुझ्या वजनाइतके वाळूचे पोते आसनावर घट्ट बांध. गाडी खाली कोसळू नये म्हणून वरून सैल दोर लाव. मग फळीची एक कड हळूहळू उचल, आणि वरच्या बाजूचे चाक फळी सोडील त्या क्षणी कोन मोजून मला कळव.

पंधरा दिवसांनी उत्तर आले : २३ अंश. मी म्हणालो, "अजून रंग लावू नकोस." त्याने मागील आस रुंद करून चाकांतील अंतर १०० सेंटिमीटर केले, आणि इंजिन व आसन खाली उतरवून गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर आणला. पुन्हा फळी उचलली. या वेळी चाक ३३ अंशांवर सुटले, म्हणजे पहिल्या मापाच्या चारचाकीच्या जवळपास. वजन सहा-सात किलोंनी वाढले. ते त्याने आनंदाने सोसले. तरीही मी त्याला बजावले आहे की, फळीवरचा कोन हा उभ्या गाडीचा कोन. धावत्या गाडीला त्यातला निम्माच आपला समजावा, डोक्यावर शिरस्त्राण असावे, आणि लहान मुलाला कधीही पुढे बसवू नये.

त्या दिवशी सायंकाळी त्याचे वडील माझ्याकडे आले होते. मोडलेला खांदा पावसाळी हवेत अजून दुखतो, असे म्हणाले. मुलाच्या गाडीचे छायाचित्र त्यांनी मला दाखविले : चहूकडे पांढरे शुभ्र रान, आणि त्यात तीन फुगीर चाकांची ती ठेंगणी, रुंद गाडी. मी माळ्यावरून ती जुनी तिवई काढविली आणि तिच्यावर बसून त्यांच्यासमोर एका बाजूला झुकलो. तिवई कलंडली, त्यांनी मला हात देऊन सावरले. "गुरुजी," ते म्हणाले, "हे त्या दिवशी वर्गातच दाखवायला हवं होतं."

हवे होते, हे मलाही मान्य आहे. श्रोत्यांपैकी जे शिक्षक असतील, त्यांनी उद्या वर्गात तिवई नेली तर ती टेकवून दाखवावी, आणि मग झुकवूनही दाखवावी.